कातरलेला पंख

आटत चाललेल्या तलावाच्या चिखलात हंस बसला होता. कडूबामामांच्या हातात लोकर कातरायची कातर होती, पायाशी लांब, करडी पिसं. ती गळलेली नव्हती.

"तुमीच म्हणालात, प्रेरणाताई," मामा म्हणाले. "मंगळवारच्या आत उडाला तर संपलं. म्हणून धरला. दमलेला व्हता, लई पळला नाय."

मी तसं म्हणाले होते. कपाळावर पांढरा पट्टा असलेला हा हंस दूर उत्तरेचा. लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळात तो इथं कसा उतरला, मला सांगता येत नव्हतं. उद्या, मंगळवारी, सरकारी साहेबांपुढे सुनावणी. हा तलाव मेलेला आहे, तो बुजवून प्लॉट पाडावेत, असं समोरच्या बिल्डरांचं म्हणणं; साहेबांनाही ते तळं न बघताच पटलेलं. रानपाखरू इथं अजून आपण होऊन येतं, एवढंच मला एका फोटोनं दाखवायचं होतं. परवा तो फार लांब होता; फोटोत नुसता ठिपका उमटला.

मामांच्या मेंढ्यांना दुसरं पाणी उरलं नव्हतं. वस्तीवरच्या कोंबडीनं कुंपण ओलांडू नये म्हणून तिचा एक पंख कातरतात, तसाच त्यांनी याचा डावा पंख कातरला होता.

"हा आता पाळलेला दिसेल, मामा. कुणाच्या तरी खुराड्यातून सुटला म्हणतील."

"मग उजव्या अंगानं फोटो काढा. सायबाला पल्याडचं काय दिसतंय? तळं न बघताच मेलं म्हणणारा गडी त्यो."

मी चिखलात गुडघे टेकले. हंसानं पंख उघडले. उजव्या पंखाला आभाळ सापडलं, डाव्याला नाही. तो एका कुशीवर कलंडला, सावरला आणि पुन्हा मान उंच करून बसला, जणू काही घडलंच नव्हतं. चौकटीत तो अखंड होता. मी बटण दाबलं. आता आम्ही दोघंही त्याचे धनी झालो होतो.

"पिसं परत कधी येत्यात?" मामांनी विचारलं.

"उरलेली खुंटं झडली की. जूनच्या पुढं. तेव्हाच उडेल हा."

फेब्रुवारी चालू होता. वाळलेल्या काठावर नव्या सोसायट्यांचे खांब उन्हात उभे होते.

"मामा, तोवर हे पाणी टिकेल?"

त्यांनी तळ्याच्या मध्यात उरलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग मेंढ्यांना हाळी दिली आणि ते भेगाळलेल्या गाळावरून चालू लागले.