ढोलपथकाची राणी

ब्राझीलमधल्या आमच्या साल्वादोरच्या वस्तीत कार्निव्हलच्या ढोलपथकाची राणी निवडायची होती आणि माझी मावसबहीण ज्यांदिरा स्पर्धेत उतरली होती. तिची आई, एडिवाल्दा मावशी, आठवडाभर धुसफुसत होती. "केस सरळ करून घे गं! असलं जंगल डोक्यावर घेऊन कुणी राणी होतं का?"

"मग तू येऊच नकोस," ज्यांदिरानं ठणकावलं.

मावशी आलीच. तोंड फुगवून पहिल्या रांगेत बसली. ढोल घुमले, ज्यांदिरा कुरळे केस मोकळे सोडून नाचत मंचावर आली आणि मैदान उसळलं. मी तर टाळ्या पिटत उभीच राहिले! मावशी ताडकन उठली. "अगं बाई, ही तर हुबेहूब माझी आई! ती अश्शीच खांदे उडवायची!" चपला भिरकावून ती थेट मंचावर चढली आणि मायलेकी समोरासमोर बेभान नाचल्या.

मुकुट दुसरीलाच मिळाला.

"तुझ्यामुळे हरले बघ!" ज्यांदिरा हसत म्हणाली.

"हरलीस तर हरलीस! ढोल थांबलेत का अजून?" मावशीनं आम्हा दोघींना रस्त्यावर ओढलं. कधी नव्हे ते वाटभर ती आपल्या आईबद्दल बोलत होती, आणि मध्येच थांबून आई कशी नाचायची ते करून दाखवत होती.