नाव न घेता मारलेली हाक

शांतवन गुरुजींनी समुद्र पाहिला तो वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. आधी कधी योग आला नाही, आणि पुढे तर पाहायचाच नाही असं त्यांच्या घरात ठरलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा नोहा कॉलेजच्या मित्रांबरोबर कोकणात वेळशीला गेला आणि पोहताना बुडाला. प्रेत सापडलं नाही. गुरुजींच्या पत्नी एलिझाबेथबाई त्यानंतर समुद्राचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा घरात लावू देत नव्हत्या. जानेवारीत त्या गेल्या. जाण्याआधी मात्र म्हणाल्या, "एकदा जाऊन या हो त्याच्याकडे. कुणीच गेलं नाही आपलं."

म्हणून मे महिन्यात गुरुजी आणि त्यांची मुलगी शॅरन नगरजवळच्या घोडेगावहून एसटीने निघाले. शॅरन तिथल्याच शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं.

वेळशी बघून दोघंही गांगरले. इथे काही दुःखाचं असेल अशी खूणच नव्हती. माडांच्या सावलीत गाड्या लागलेल्या, पोरं घोडागाडीतून चकरा मारतायत, बायका भिजलेल्या ड्रेसवर शहाळं पितायत. हवा इतकी दमट की गुरुजींचा इस्त्रीचा सदरा तासाभरात अंगाला चिकटला.

दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी लागली. लोक जेवायला गेले आणि किनारा एकदम मोकळा झाला. गुरुजी धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात गेले. त्यांनी प्रार्थना केली. शॅरनने फुलं सोडली. लाटेने ती परत आणून तिच्या पायाशी टाकली. तिने पुन्हा सोडली, पुन्हा आली.

प्रार्थना संपल्यावर परत फिरायचं, एवढंच ठरलं होतं. पण गुरुजी तसेच उभे राहिले आणि वर्गातल्या मुलाला हाक मारावी तशा आवाजात पाण्याकडे बघून म्हणाले, "चल बाळा. किती दिवस राहशील इथं? चल घरी."

शॅरनने वळून त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजी चर्चमध्ये वडील मंडळींपैकी. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना ते झापायचे. "पप्पा, असं काय बोलताय?"

"तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले.

गावात शिरताना पहिलीच खानावळ होती. सुगंधाताई नावाची पन्नाशीची बाई एकटीच चालवायची. तिने तीन ताटं मांडली.

"आम्ही दोघंच आहोत," शॅरन म्हणाली.

"आणि दाराशी उभे आहेत ते?" सुगंधाताई पोळी वाढता वाढता म्हणाली. "बोलवा की आत. भिजलेत म्हणून लाजतायत वाटतं."

शॅरनने मागे पाहिलं. दारात नुसतं पांढरं ऊन होतं. सुगंधाताईनेही पुन्हा पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि पुटपुटली, "गेले वाटतं. उन्हात चेहरासुद्धा दिसला नाही मेला." गुरुजींनी तिसरं ताट उचलू दिलं नाही. ते जेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. इतका आनंद शॅरनने त्यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत पाहिला नव्हता, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "तीन ना?" गुरुजी म्हणाले, "तीन." दोघांच्या मधल्या सीटचं रेक्झिन पुण्यापर्यंत ओलं राहिलं. नगरच्या पुढे कोरड्या वाऱ्याने ते वाळलं, तेव्हा त्यावर मिठाचा पांढरा थर उरला होता.

घरी गुरुजींनी नोहाची खाट झाडली. जेवताना ताट मांडलं. शॅरनला काही दिसत नव्हतं. फक्त नोहाच्या खोलीतली फरशी ऐन मे महिन्यात, घोडेगावच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, ओलसर असायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या आक्काबाई कुंपणापाशी आल्या. आक्काबाई बाजारात म्हशींच्या गळ्यातल्या घंटा नि दावी विकायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"गुर्जी, पाव्हना कोन आनलाय?"

गुरुजी हसले. "ओळखला नाही का? आपला नोहा."

आक्काबाई कुंपणावरून वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "नोहाला मी वळखनार न्हाई व्हय? माझ्या मांडीवर खेळला त्यो. ह्यो बाप्या चाळिशीचा हाय, गुर्जी. कानात बाळी हाय. डाव्या हाताचं एक बोट न्हाई. सकाळधरनं वट्ट्यावर बसलाय, वाट चुकल्यावानी."

गुरुजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ते आत गेले आणि दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. नोहाच्या खोलीचं दार शॅरनने बाहेरून लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून पाणी ओसरीत आलं होतं. ते तिने बोटाने चाखलं. खारट होतं.

"पप्पा, आपण चर्चच्या पाळक साहेबांना बोलवू. नाहीतर याला परत नेऊन सोडू."

गुरुजी उठून बसले. "मी नाव घेतलं नाही, शॅरन. नुसतं बाळा म्हणालो. तो कुणाचा तरी बाळ असेलच ना? मी बोलावलं म्हणून आला. आता हाकलायचं कसं?"

त्यांनी स्वतः जाऊन दार उघडलं आणि ताट आत ठेवलं. मग म्हणाले, "त्या खानावळवाल्या ताईंना फोन लाव. तिथल्या माणसांची त्यांना माहिती असेल."

जेवणाचे पैसे फोनवरून दिल्यामुळे नंबर शॅरनच्या मोबाईलमध्ये होता. तिने घाबरत घाबरत विचारलं, "ताई, तुमच्या गावात पूर्वी कुणी बुडालं होतं का? चाळिशीचा माणूस. कानात बाळी, डाव्या हाताला एक बोट कमी."

पलीकडे बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"बोट दोरात सापडून गेलं होतं," सुगंधाताई म्हणाली. "होडीच्या. हरेश्वर. माझा नवरा. सोळा वर्षं झाली."

शॅरनने फोन स्पीकरवर टाकला.

"आम्ही समुद्राकडे तोंड करून कुणाला हाक मारत नाही," सुगंधाताई म्हणाली. "सासूने शपथ घातली होती. कोण ओ देईल सांगता येत नाही म्हणायची. सोळा वर्षं रोज किनाऱ्यावरनं जाते, पण हाक नाही मारली. आणि त्या दिवशी दारात उभा होता तर मी ओळखलं नाही."

ती दोन दिवसांनी आली. सोबत एक पिशवी, तीत कोरडा सदरा आणि लुंगी. घोडेगावच्या बसस्टँडवर उतरून तिने चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "किती लांब आणलात हो त्याला."

ओसरीत शिरताच ती थबकली. तिलाही काही दिसत नव्हतं. तिने सदरा नि लुंगी ओल्या फरशीवर ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "हरेश्वर, चला." मग खोलीच्या दाराशी गेली. "हरेश्वर, मी आलेय. घरी चला."

खोलीतून गार, मासळीच्या वासाची झुळूक आली आणि गेली.

आक्काबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. सुगंधाताई फाटकाबाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "चालला बगा तिच्या मागनं. सदरा घालून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "लई लाजाळू मानूस."

संध्याकाळपर्यंत फरशी वाळली. शॅरनने ती पुसून काढली, तरी सांध्यांत मीठ राहिलंच.

जूनमध्ये सुगंधाताईचा फोन आला. रोज दोन ताटं मांडते म्हणाली. फारसं बोलली नाही. गुरुजींनी फोन घेतला. "ताई, आता किनाऱ्यावर जाता येतं का?"

"आता नाही हो, समुद्र खवळलाय. नारळी पौर्णिमेनंतर या."

"त्यांनी काही… आमच्या मुलाबद्दल…"

"बोलत नाहीत ते, गुरुजी. मीच बोलते."

गुरुजींनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर, ज्यात नारळी पौर्णिमा छापलेली नव्हती, आक्काबाईंना विचारून तारखेभोवती गोल केला. पुढे काही दिवस ते दुपारी एकटेच बसून हळू आवाजात एकच नाव म्हणत असत. नोहा. नोहा शांतवन. आडनावासकट, गावासकट. चुकायला नको म्हणून.

शॅरन स्वयंपाकघरातून ऐकायची. कुणी आलं तर काय, आणि कुणीच आलं नाही तर काय, यांतलं जास्त भयंकर कोणतं हे तिला ठरवता येत नव्हतं. सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तिने ऑगस्टमधल्या चार दिवसांच्या रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.