नवशिक्यांसाठी एकच बोर्ड

पेपर मिलमधून निवृत्त झाल्यापासून विल्बर्ट कांगसचं कुणी ऐकेनासं झालं होतं. मिलमध्ये सगळी मापाची यंत्रं त्याच्या ताब्यात असत आणि तो बोलायला लागला की फोरमनही गप्प बसे. घरी बायकोसमोर तोंड उघडलं की ती मिक्सर चालू करायची. आता त्याला हक्काने बोलायला मिळे ती जागा एकच उरली होती: गावच्या लायब्ररीत हिवाळ्यातल्या शनिवारी भरणारा मायक्रोकंट्रोलरचा वर्ग. नखाएवढ्या चिपमध्ये बसवलेल्या त्या संगणकाकडून दिवे लावून घ्यायचे, मोटर फिरवून घ्यायची, एवढंच तिथे शिकवत. पण ते शिकवताना विल्बर्टची मान अशी ताठ होई की मिलचा भोंगा अजून त्याच्याच हुकमाने वाजतो असं वाटावं.

अडचण अशी की वर्गाला मास्तर तीन होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. विल्बर्टला सुटी चिप हवी. तिचा पाय न् पाय ओळखल्याशिवाय पुढे जाणं त्याच्या लेखी पाप होतं. घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा ड्वेन हाउताला चिप आधीच बसवलेल्या तयार निळ्या बोर्डाचा भक्त. वायर लावा, दिवा लावा, घरी जा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या क्रेग नॅनकार्विसला बाजारात काल आलेला बोर्डसुद्धा जुना वाटे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! गेल्या हिवाळ्यात तिघांनी आळीपाळीने आपापला बोर्ड शिकवला. बर्फ वितळायच्या आत शिकणारे वितळले. शेवटी एक म्हातारा उरला, आणि तो लायब्ररीत ऊब चांगली असते म्हणून येत होता.

लायब्ररी सांभाळणाऱ्या जॅनिस बेलेअरने यंदा तिघांना खोलीत बसवून दार लावलं.

"एकच बोर्ड ठरवा, आणि शिकवणाराही एकच. नाहीतर खोली रजया शिवणाऱ्या बायकांना देते. त्या भांडतात, पण निदान रजई तरी पुरी करतात."

"ठरवायचंय काय त्यात?" विल्बर्ट म्हणाला. "पाया पक्का नको का?"

"तुझ्या पायातच लोक गाडले गेले," ड्वेन म्हणाला.

"मी एक तक्ता करून आणलाय," क्रेग म्हणाला.

तो तक्ता जॅनिसने न बघताच पालथा घातला. "बोर्ड नवशिक्यांसाठी आहे ना? मग नवशिक्याला विचारा. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असं कुणी आहे?"

विल्बर्ट पटकन म्हणाला, "आमची आर्लीन आहे." बायको आपल्याच पदरात माप टाकणार, हा त्याचा हिशेब.

शनिवारी आर्लीन आली ती वेलदोड्याचा पाव घेऊनच. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, त्यामुळे मोकळ्या हाताने कुठे जाणं तिला जमत नसे. टेबलाशी बसून तिने आधी आपलं गाऱ्हाणं मांडलं. "मला दिवेबिवे मिचकावून काय करायचेत? परसातला सॉना, ती वाफ घ्यायची खोली, तापला की नाही ते स्वयंपाकघरात बसून कळायला हवं. दर वेळी गुडघाभर बर्फातून जाऊन बघायचं आणि थंडगार दगडांना नमस्कार करून परत यायचं. याला किती वर्षं सांगतेय!"

"माझं डिझाइन चालू आहे," विल्बर्ट म्हणाला.

"त्याच्या डिझाइनपेक्षा आमची पोरं लवकर मोठी झाली," आर्लीन जॅनिसला म्हणाली.

अट साधी होती. शिकवणाऱ्याने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. पण आर्लीनने पहिली वायर उचलताच तिचे दोन हात आणि मास्तरांचे सहा हात टेबलावर आले. दुसऱ्याला अडलेलं दिसलं की या लोकांचे हात असे शिवशिवतात की देवसुद्धा आवरू शकणार नाही. जॅनिस उठली, खुंट्यांवरचे हरणाच्या कातड्याच्या जाडजूड हातमोज्यांचे तीन जोड तिने आणले आणि तिघांना घालायला लावले. लाकडं फोडायला जाताना घालतात तसले. त्यात सुई तर सोडाच, कुऱ्हाडसुद्धा जेमतेम धरता येते.

पहिली पाळी क्रेगची. त्याचा बोर्ड खरोखर देखणा होता, वायफाय होतं, इवलासा पडदा होता. त्याने लॅपटॉप उघडायला सांगितला आणि लॅपटॉप म्हणाला, आधी मला अद्ययावत करा. मग बोर्डाने तोच हट्ट धरला. मग वायफायचा पासवर्ड. क्रेग हातमोज्यांनी कपाळ पुसत म्हणाला, "एकदा सुरू झाला ना, की हा काय वाट्टेल ते करतो."

"आमचा ट्रकही असाच आहे," म्हणत आर्लीनने पाव कापायला घेतला. क्रेगची वेळ संपली तेव्हा पडद्यावरची रेघ अर्ध्यावर होती आणि पाव संपत आला होता.

मग विल्बर्ट. त्याने घसा खाकरला आणि वीज म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. नमनालाच घडाभर तेल! आर्लीनने बिचारीने चिप उचलून छिद्रांच्या पट्टीत खोचली, तो म्हणाला तशी वायर लावली, आणि तो चिपच्या पोटातल्या रजिस्टरच्या आठ खणांची महती गात राहिला. डोळे मिटून बोलायची त्याची जुनी सवय.

"विल्बर्ट."

"थांब, मुद्द्याचं आता येतंय."

"अरे, चटका बसला! ही तापलीय."

चिप उलटी बसली होती. वास सुटला तेव्हा विल्बर्टने डोळे उघडले.

"चला," आर्लीन बोट फुंकत म्हणाली, "निदान काहीतरी तापलं."

ड्वेन इतका हसला की त्याच्या हातमोज्यातल्या कपातली कॉफी सांडली. पण त्याची पाळी आली आणि विल्बर्टचा चेहरा उतरला. निळा बोर्ड, एक वायर, लॅपटॉपवरच्या तयार प्रोग्रामांच्या यादीतला पहिलाच नमुना, एक बटण. दिवा मिचकू लागला. आर्लीन खुर्चीतून अर्धी उठली. "हे मी केलं?"

"तू नाही, माझ्या बोर्डाने केलं," ड्वेन म्हणाला, आणि इथेच त्याने खाजवून खरूज काढली.

"तुझ्या लॅपटॉपवर सगळं आधीच भरून ठेवलं होतंस!" क्रेग ओरडला.

"ही काय विद्या झाली? ही तर माकडाला बटण दाबायला शिकवणं!" विल्बर्ट गरजला.

"माकड कुणाला म्हणतोस?" आर्लीनने विचारलं, पण ऐकतो कोण! जॅनिसने तिघांना बाहेरच्या ओसरीत काढलं. तिथे हातमोजे नाचवत ते तावातावाने भांडत राहिले. काचेतून बघणाऱ्याला वाटावं, तीन अस्वलं मासा वाटून घेताहेत.

खोलीत आर्लीन एकटी उरली. सांगायला कुणीच नाही, म्हणून ती वाचायला लागली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक हजार असा आकडा दिसला. शंभर करून पाहिला, दिवा लगबगीने मिचकू लागला. दोन हजार केला, दिवा आळसावला. तिला गंमत वाटली. पिठात पाणी कमीजास्त करून बघावं तशी ती आकडे बदलत बसली. बोर्डाच्या डब्यात तापमान मोजणारा एक छोटा मणी होता आणि सोबत तो कसा जोडायचा त्याचं चित्र. चुकली, पुन्हा लावला, पुन्हा चुकली. चौथ्यांदा पडद्यावर आकडे धावू लागले. मणी कॉफीच्या कपाला टेकवला, आकडे चढले. मग दिवा किती तापमानाला लागावा तो नमुन्यातला आकडा बदलून तिने पुन्हा मणी टेकवला.

तिघं आत आले तेव्हा ती कप उचलत होती आणि ठेवत होती. कप मण्याला लागला की दिवा लागे, दूर नेला की थोड्या वेळाने विझे.

"सॉना," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"कुणी दाखवलं?" विल्बर्टने विचारलं.

"कुणी नव्हतं, म्हणून तर झालं."

बोर्ड ठरला, निळा. ड्वेनने छाती फुगवली, तोच जॅनिस म्हणाली, "आणि शिकवणार आर्लीन."

"मला फक्त कॉफीपर्यंतच येतं गं!"

"पहिल्या शनिवारला तेवढं पुरे."

घरी जाताना ट्रक विल्बर्टने चालवला. घराशी आल्यावर म्हणाला, "मी नाही येणार आता. माझं तिथे काम काय?" आवाज ऐकून आर्लीनला कळलं, हा रुसवा नाही. मिलमधला शेवटचा दिवस संपवून आला होता तेव्हाही तो असाच बोलला होता.

"दुसऱ्या शनिवारचं मला कोण शिकवणार?" ती म्हणाली. "ये, मागे बस. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

पहिल्या शनिवारी खोली भरली. विल्बर्ट मागच्या खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसला. आर्लीन प्रत्येक दोन वाक्यांमागे "मला नाही माहीत, बघू या," म्हणत होती, आणि विल्बर्टच्या जिवाची नुसती घालमेल होत होती. हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. तरी दिवे लागत होते. टॅमी नावाची, रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर चालवणारी धिप्पाड बाई दिव्याशेजारचा, वीज अडवून धरणारा रोधक चिमटीत धरून म्हणाली, "हा चट्ट्यापट्ट्यांचा दाणा कशाला? हा नसला तर?"

आर्लीनने खांदे उडवले आणि मागे पाहिलं. "विल्बर्ट?"

तो ताडकन उठला. व्होल्ट, अँपिअर, ओहम, सगळे घशाशी रांग लावून उभे राहिले. इतक्या हिवाळ्यांत त्याला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि आपण इतकं नीट सांगतो की शंकाच उरत नाही, अशी त्याची समजूत होती. त्याने टॅमीकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावर नव्हतेच, दिव्यावर होते. त्याने मोठा आवंढा गिळला. सगळी रांग त्याबरोबर खाली गेली.

"काढून बघ," तो म्हणाला. "दिवा थेट पाच व्होल्टला लाव."

टॅमीने लावला. दिवा डोळे दिपतील असा लखलखला आणि मेला. शेजारचा माणूस दचकून मागे सरला. मग हशा पिकला, आणि दोघातिघांनी आपापले दिवे मारून पाहिले.

"पण मेला का?" टॅमीने विचारलं, आणि अख्खी खोली वळून विल्बर्टकडे बघू लागली.

त्याने दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी हात वर केला.