डावं चाक

रविवारची माझी एकच झोप, तीही अण्णांनी मोडली. "खाली ये, आलोय आम्ही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवूनही दिला. समोरच्याचं ऐकून घ्यायची पद्धतच नाही या माणसाकडे, असं चडफडत मी कपडे बदलले आणि खाली उतरले.

अण्णा आमच्या कोपरीच्या बिल्डिंगखाली गाडी मागेपुढे करत होते. पुढच्या चाकातून खर्रर्र खर्रर्र आवाज येत होता, कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढावा तसा. वॉचमनसुद्धा कानावर हात ठेवून उभा होता. आणि बाजूच्या सीटवर, हाताला कालची पट्टी तशीच, आई.

"हिला कशाला आणलंत? कालच डायलिसिस झालंय ना तिचं?"

अण्णा नुसते हसले आणि काच पुसायला लागले. "मलाच यायचं होतं गं," आई म्हणाली.

ही गाडी आईला आठवड्यातून तीनदा मोहन्याहून कल्याणच्या सेंटरला नेते आणि परत आणते. रिक्षाचे दणके तिला सोसत नाहीत. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मी एकुलती एक, आणि माझ्या सुट्ट्या केव्हाच संपल्यात. त्यामुळे गाडी नीट व्हावी आणि अण्णांनीच ती चालवत राहावी, एवढीच माझी इच्छा होती. स्वार्थी वाटेल, वाटू दे. मी दमलेय.

तिकडे घराजवळ शहाडच्या गॅरेजात गाडीचं दोनदा काम करून झालं होतं. पहिल्यांदा डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं, दुसऱ्यांदा तेच चाक खोलून साफसूफ केलं. आवाज होता तिथेच. म्हणून मीच म्हटलं होतं की वागळे इस्टेटला माझ्या ऑफिसमागे प्रशांतचं गॅरेज आहे, रविवारीही उघडं असतं, तिकडे घेऊन या.

"जय भीम काका," आम्ही गॅरेजवर पोचलो तसा प्रशांत म्हणाला. "आवाज कुठून येतो?"

अण्णांनी आईकडे पाहिलं. आई चाकाकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटली.

"पुढच्या डाव्या चाकातून," अण्णांनी ठणकावून सांगितलं.

प्रशांतने चावी घेतली आणि गल्लीतून एक चक्कर मारून आला. "काका, डावं एकदम ओके आहे. उजवं आहे हे," असं म्हणत त्याने जॅक लावला आणि चाक उतरवलं. आतल्या ब्रेक पॅडचं अस्तर पूर्ण गेलेलं. नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती, डिस्कला बोट अडकेल असे चरे पडले होते.

"पॅड दाबणारा कॅलिपर जाम झालाय, म्हणून ही एकच बाजू खाल्ली. अजून थोडं चालवलं असतं ना ताई, तर ऐन वेळेला ब्रेक लागला नसता."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, दोनदा डावं चाक खोलायला लावलंत! डावं कशावरून?"

ते चाकाकडेच बघत राहिले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पुन्हा विचारलं.

"तुझी आई डावीकडे बसते ना," ते म्हणाले. "तिला आवाज आला. म्हणजे डावंच असणार."

प्रशांत फसकन हसला. मलाही हसू आलं, आणि मग आलं तसं गेलं.

"आणि तुम्हाला?"

त्यांनी प्रशांतच्या हातातलं फडकं घेतलं आणि आपले स्वच्छ हात पुसायला लागले. उत्तर आईने दिलं, स्टुलावर बसल्या बसल्या.

"दोन वर्षं झाली. कानाचं मशीन आणू म्हटलं की चिडतात. पण मी असते ना बाजूला. मागून हॉर्न वाजला की गुडघ्यावर हात ठेवते. जास्तच जवळ काही आलं तर दाबते, मग ते ब्रेक मारतात. आजवर कुठे घासली का गाडी?"

"आणि येताना? डायलिसिसनंतर तर तुला मानसुद्धा धरवत नाही."

"येताना झोप येते खूप," आई म्हणाली. "पण मी झोपत नाही."

अण्णांवर ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं, तिथे ग्रीसच्या डब्यांमध्ये. प्रशांत बिचारा उगाच पाने शोधत आत गेला.

दुपार कलताना काम झालं. चावी मी घेतली. अण्णा दुसऱ्या बाजूने येऊन आईच्या जागेवर बसले. आईला मागे आडवं केलं तरी ती उठून बसली आणि पुढच्या दोन सीटच्या मधून रस्त्याकडे बघत राहिली.

"आई, मी चालवतेय. मला ऐकू येतं. झोप."

"हो गं," ती म्हणाली, आणि तशीच बसली. गाडी अगदी मुकी चालली होती. मुंब्रा बायपासला मी आरशात बघितलं तर ती एका कुशीवर कलंडून तोंड उघडं टाकून झोपली होती. शहाडच्या पुलावर मागून ट्रकने केवढा तरी हॉर्न मारला, तरी तिला जाग आली नाही. मंगळवारी ऑफिसात काय सांगायचं, गुरुवारी काय, शनिवारी काय, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं आणि त्यातलं एकही मला जमणार नव्हतं.

"मंगळवारी किती वाजता निघायचं?" मी अण्णांना विचारलं.

ते समोर बघत होते. त्यांनी ऐकलं नव्हतं. म्हणून मी डावा हात लांबवून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि जरा दाबला.

अण्णांचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर सगळ्या ताकदीनिशी दाबला गेला.