तळ्याकाठचे करंज

सर्वेशने माईकवर बोटाने टिचकी मारली, "मागे ऐकू येतंय ना?" असं विचारलं आणि पडद्यावर आकाशातून घेतलेलं छायाचित्र आणलं. राखाडी छपरांच्या मधोमध एक हिरवा चौकोन. मुलुंडच्या एलबीएस रस्त्याला लागून असलेल्या, कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचं ते आवार होतं. सभागृहातल्या लोकांनी ते इतक्या वरून कधी पाहिलं नव्हतं.

रुचिरा तिसऱ्या रांगेत शकुशेजारी बसली होती. ही तिचीच शाळा. याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती चित्रकला शिकवायची आणि तिच्या वर्गाची मागची खिडकी त्याच आवारावर उघडायची. आत माणसांची वर्दळ थांबली तशी झाडं माजली होती. रस्त्याच्या बाजूला जुने पर्जन्यवृक्ष, मागे खाणीच्या खड्ड्यात साठलेलं तळं. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर रातढोकऱ्यांची वसाहत भरायची. त्या करड्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्यांचा कलकलाट खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत पोचायचा. आता ते सगळं साफ करून तिथे विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचं आगार होणार होतं. आजची जनसुनावणी त्यासाठीच होती.

"पक्ष्यांबद्दलची तुमची काळजी आम्हालाही आहे," सर्वेश म्हणाला. तो आगार बांधणाऱ्या कंपनीच्या वतीने बोलत होता. आवाज मऊ होता, घाई नव्हती. "पण आमच्या लक्षात एक गोष्ट आली. गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडच्या फांद्या छाटल्या गेल्या. तेव्हा या रातढोकऱ्यांनी काय केलं? त्यांनी आपणहून बिऱ्हाड हलवलं. तळ्याकाठच्या करंजांवर नवा संसार मांडला. म्हणजे पक्षी जुळवून घेतात. तळं आणि करंज आम्ही राखणारच आहोत. जातील ती फक्त पुढची झाडं."

"काय थापा मारतोय हा," शकु पुटपुटली. "करंजांवर कधी होते गं?"

रुचिराने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. रस्त्यावरून ते करंज दिसत नाहीत, मध्ये कारखान्याची भिंत येते. ते दिसतात तिच्या वर्गाच्या खिडकीतून. शाळा सुटल्यावर खुर्च्या उलट्या करून ठेवल्या की ती तिथे उभी राहायची. बिऱ्हाड हलवलं, हे शब्द तिचे होते. तिने ते एकाच माणसासमोर उच्चारले होते.

पुढे बरीच भाषणं झाली. शकु बोलायला उठली, तिचा आवाज चढला, टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष जागा पाहायला येतो असं सांगितलं. रुचिराचंही नाव पुकारलं गेलं होतं. तिने मान हलवून नको म्हटलं.

फाटकाबाहेर शकुने तिला अडवलं. शकु निवृत्त परिचारिका. आवार वाचवण्यासाठी दिवाळीपासून दारोदार फिरलेली, सरळ बोलणारी बाई.

"ते करंजांचं खरं आहे?"

"हो."

"आणि आम्हाला नाही सांगितलंस?"

"तेव्हा हे आगाराचं कुठे होतं गं? नंतर... नंतर राहूनच गेलं."

"मग त्यांना कोणी सांगितलं?"

रुचिरा रस्त्याकडे पाहत राहिली. एक रिक्षावाला हळू झाला, दोघींकडे बघून पुढे गेला.

"निहार ह्याच कंपनीत आहे ना?" शकुने विचारलं.

"मुलुंडची जागा त्यांनी सोडली, असं म्हणाला होता तो मला."

"आणि तू ऐकलंस." शकुचा राग एकदम उतरला. तिच्या चेहऱ्यावर आलेली कीव रुचिराला जास्त लागली. "हे बघ, मी काही मनात धरणार नाही. पण बाकीचे धरतील. उद्या मीटिंगला नको येऊस. थोडे दिवस जाऊ देत."

ती घरी आली तेव्हा निहार, तिचा नवरा, स्वयंपाकघरात आलं किसत होता. दुपारीच तो पुण्याहून परतला होता, बॅग अजून दारातच होती. तिची चाहूल लागताच त्याने न विचारता तिच्यासाठीही चहाचं पाणी वाढवलं.

"कशी झाली सुनावणी?"

"सर्वेश छान बोलला," ती म्हणाली. "म्हणाला, त्यांनी बिऱ्हाड हलवलं."

किसणी थांबली. निहारने गॅस बारीक केला आणि हात पुसायला फडकं घेतलं. हात कोरडे झाले तरी तो पुसतच राहिला.

"मी सांगणार होतो तुला."

"कधी? झाडं पडल्यावर?"

"रुचिरा, बस तरी."

ती बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. समोरच भाऊंची खोली होती. निहारचे वडील धोंडिराम, सगळ्यांचे भाऊ. गिरणी बंद पडल्यावर बसगाड्यांच्या गॅरेजात लागले आणि निवृत्त होईपर्यंत डिझेलच्या इंजिनांखाली पाठीवर पडून राहिले. शेवटच्या पावसाळ्यात खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या असायच्या, पंखा पूर्ण वेगात फिरत असायचा, तरी ते धापा टाकत, निहारचं मनगट धरून विचारायचे, "झिला, वारो येना नाय रे?"

"तुला माहितीये मी हे काम का घेतलं," निहार म्हणाला. "ह्या रस्त्यावर दिवसभर किती बस धावतात! सगळ्या विजेवर गेल्या तर इथल्या पोरांच्या छातीत तो काळा धूर जाणार नाही. आणि जागा कुठेय यार ह्या शहरात? भांडुपला बघितली, कांजूरला बघितली. खाडीकडे गेलो तर तिवरं तोडावी लागतात. ही एकच उरली होती. ही गेली की प्रकल्प गेला. आणखी दहा वर्षं डिझेल."

"हे मला सांगायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. भांडले असते तुझ्याशी. भांडायलासुद्धा ठेवलं नाहीस मला." तिचा आवाज चढला नव्हता. "जागा सोडली म्हणालास. ह्याच टेबलावर. मी दारोदार सह्या मागत फिरत होते, तू मला पाय शेकायला गरम पाणी आणून द्यायचास."

चहा उकळून वर आला. निहारने तो उतरवला, पण गाळला नाही.

रुचिराने खुर्ची ओढली आणि शेवटी बसली. बराच वेळ टेबलाच्या सनमायक्यावरचा ओरखडा ती नखाने उकरत राहिली.

"तुला एक सांगते. तुमच्या त्या सादरीकरणात नाहीये ते. त्या घरट्यांतून एकही पिल्लू उडालं नाही. करंज बुटके, काठावर एकटे. कावळ्यांनी अंडी फोडली, जी राहिली ती मांजरांनी नेली. महिन्याभरात सगळं मोकळं झालं. रातढोकऱ्या काही दिवस नुसत्या बसून असायच्या फांदीवर. मग गेल्या."

निहारने वर पाहिलं नाही.

"मी तुला अर्धंच सांगितलं होतं. तेव्हा भाऊ नुकतेच गेले होते. तू जेवत नव्हतास. आंघोळीला जा म्हटलं तरी तासभर गादीवर बसून राहायचास. मला वाटायचं, संध्याकाळी घरी येताना एखादी तरी बरी गोष्ट आणावी. म्हणून सांगितलं, झाड गेलं तर त्यांनी दुसरं बघितलं, काड्या आणतायत, जमवतायत. तू ते ऐकून पहिल्यांदा हसला होतास. मग पुढचं मला सांगवेना."

"मला माहीत होतं," निहार म्हणाला.

तिला आधी नीट ऐकू आलं नाही.

"काय?"

"मी गेलो होतो तिथे. भाऊंचं तेरावं झाल्यावर. तू रोज इतकं सांगायचीस, वाटलं आपणही बघावं. वॉचमनला सांगून आत गेलो. करंजाखाली उभा राहिलो." त्याने फडक्याची घडी घातली. "घरटी होती. आत काही नव्हतं. खाली सगळीकडे फिकट निळी टरफलं."

"बोलला नाहीस."

"कसं बोलणार? त्या संध्याकाळी पण तू आलीस आणि सांगितलंस, आज चोचीत केवढी मोठी काडी होती म्हणून. हातवारे करून. मला कळलं तू का करतेयस ते. मी नुसता ऐकत बसलो."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. रुचिराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाईट दिवसांत दोघंही एकमेकांना सांभाळत होती, एकमेकांना कळू न देता. तिचा हात टेबलावरून त्याच्या हाताकडे अर्ध्यापर्यंत गेला. आणि तिथेच थांबला.

"म्हणजे सर्वेशला सांगताना तुला माहीत होतं."

निहारने फडक्याची घडी पुन्हा उलगडली.

"घरटी रिकामी होती, हे सांगितलंस त्याला?"

"त्यांनी विचारलं नाही."

तिने हात मागे घेतला. उठून तिने चहा गाळला, एक कप त्याच्यासमोर ठेवला आणि आपला मोरीत ओतून दिला.

त्यानंतरचे दिवस घरात सगळं नेमाने चाललं. डबे भरले गेले, कपडे वाळत पडले, गॅसवाल्याला दार उघडलं गेलं. निहारने एकदा म्हटलं, "मी सर्वेशशी बोलून बघतो." ती म्हणाली, "बघ." त्याने पुढे काय झालं ते सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण पाहणीच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. उद्या तो तिथे असणार, हे तिला कळलं होतं. तो खरं बोलेल, असं अजूनही तिला वाटत होतं. खोटं सांगणं आणि न सांगणं यात त्याला फरक वाटत असेल. समोर विचारल्यावर तरी त्याला बोलावंच लागेल.

सकाळी कारखान्याचं गंजलेलं फाटक कुरकुरत उघडलं. पाहणीसाठी आलेले अधिकारी वयस्कर होते, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालत होते. त्यांच्याबरोबर टिपणं घेणारी एक तरुण मुलगी, मागे सर्वेश, कंपनीचे आणखी दोघं आणि पांढरं हेल्मेट घातलेला निहार. शकु आणि वस्तीतले काहीजण भिंतीलगत उभे होते. रुचिरा आत आली तेव्हा त्यांच्यातल्या कोणी तिला जागा करून दिली नाही. शकुने मात्र मान डोलावली.

सगळे तळ्यापाशी पोचले. पाण्यावर शेवाळाचा थर होता. करंजांच्या फांद्यांत मागच्या वर्षीच्या काड्यांचे काही विस्कटलेले झुबके अडकून होते.

"ही ती नवी वसाहत," सर्वेश हात दाखवून म्हणाला. "सर, स्वतःच बघा. घरटी आहेत."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. "चांगलं आहे की."

"साहेब," रुचिरा पुढे झाली. "मी रुचिरा. ह्या शाळेत शिकवते. ती माझ्या वर्गाची खिडकी. ही घरटी बांधली जाताना मी पाहिलीत. ह्यात एकही पिल्लू जगलं नाही. अंडी कावळ्यांनी फोडली. पक्षी इथून निघून गेले, परत आले ते पुढच्या मोठ्या झाडांवरच बसतात. ती तोडलीत तर त्यांना जागा उरत नाही."

भिंतीकडून कुजबुज झाली. टिपणं घेणाऱ्या मुलीचं पेन थबकलं.

"सर, हे आज पहिल्यांदाच ऐकतोय आम्ही," सर्वेश म्हणाला. "सुनावणीत मॅडम काहीच बोलल्या नव्हत्या."

अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा केला. आवाजात वैताग नव्हता, नुसती सवय होती. "बाई, तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिलंय का हे?"

रुचिराने निहारकडे पाहिलं. ती त्याचं नाव घेणार नव्हती. ती फक्त पाहत राहिली, म्हणून बाकीच्यांचीही नजर तिकडे वळली.

हेल्मेटच्या पट्ट्याखाली त्याच्या हनुवटीवर घाम आला होता. तो करंजांकडे पाहत होता, जिच्याखाली त्याने टरफलं पाहिली होती नेमक्या त्याच फांदीकडे. त्याने एकदा तोंड उघडलं, मिटलं.

"तुम्ही काही सांगताय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही सर," निहार म्हणाला. "मॅडम म्हणतायत तसं माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही."

मॅडम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिला कधी अशी हाक मारली नव्हती. शकुने श्वास आत ओढला, तो रुचिराला ऐकू आला. निहारने आता खाली मान घातली होती आणि बुटाने पाचोळा बाजूला सारत होता. पाचोळ्याखाली नुसती माती होती. गेल्या वर्षीचं काहीच तिथे उरलं नव्हतं.

टिपणं घेणारी मुलगी अवघडून म्हणाली, "मॅडम, काय लिहू?"

रुचिराने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग वर, करंजांतल्या त्या काड्यांकडे.

"एकटीनेच पाहिलं," ती म्हणाली, "असं लिहा."