आईच्या वाट्याचा सॉस

ऐका ना, मित्रांनो, आधी ऐका तर खरं! मध्ये बोलू नका, नाहीतर माझं सांगायचं राहून जाईल. मी एक जुना टोप आहे. म्हणजे एवढाही जुना नाही हां! पनवेलच्या बाजारातून मालूआईने मला आणलं तेव्हा तिची निशा दहावीत होती. आता ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात जाते. तेव्हा मी असा चकचकीत होतो की शेजारणी माझ्यात तोंड बघायच्या! मग एकदा चहा करपला, बूड काळं पडलं, आणि तेव्हापासून काहीही शिजवा, मला खाली लागतंच. घरात नॉनस्टिक आला आणि मी गेलो ओट्याखाली, कांद्यांच्या शेजारी.

तर त्या रविवारी आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. निशाने मुंबईहून एक खोका मागवला. मोठ्या हॉटेलातलं जेवण, पाच पदार्थ, एकामागून एक, फक्त दोघांपुरते! सगळं इवल्या पिशव्यांत बंद. घरी गरम करायचं आणि कार्डावरच्या चित्रासारखं मांडायचं. निशा म्हणाली, "आई, आज तू बसायचं, मी वाढणार. तुला गरम जेवताना मी कधी बघितलंच नाहीये."

आणि आई बसली! अवघडून का होईना, बसली. भांडी पुरेनात म्हणून मलाही बाहेर काढलं. मी तर हवेतच!

पहिली ताटली आली आणि दारात कोण? ओवे गावच्या सोनाबाई आत्या, पेढे घेऊन. आई ताडकन उठली. "या वन्सं, बसा!" झालं. आईची ताटली आत्यांच्या पुढ्यात.

"ही ताटली हाय का रांगोली?" आत्या म्हणाल्या. "जेवान कवा येनार?"

निशा दात आवळून म्हणाली, "आई, तिघांत वाटू या ना."

"आजच्या दिशी तीन वाटे? नको गो, तीन तिघाडा!" आत्या म्हणाल्या.

"मग चार करू. मीपण बसते."

"मंग वाढनार कोन?"

सूप गेलं, तेही आत्यांकडे. मग मासा आला. तुळशीरामबाबा बघतच राहिले. "आगं, ह्यो तं आपल्या खाडीतला जिताडा! मुंबयशी खोक्यान भरून आनलास?"

माशावरचा लोण्याचा सॉस माझ्यात होता. कार्डावर लिहिलेलं, माणशी दोन चमचे. आत्या म्हणाल्या, "रस्सा घाल गो, कोरडा लागतंय." निशाने घातला. "आजून." आणखी घातला. "आजून!" अरे, काय हे! आईच्या पोटात सकाळपासून नुसता चहा! मी ठरवलं, आता बस्स. उरलेला सॉस आईसाठी बुडाशी गच्च धरला. निशाने चमच्याने खरवडलं, मी सोडलाच नाही.

"या टोपाला सगळं लागतंच!" ती माझ्यावर खेकसली. "उद्या भंगारात देते याला!"

मला! आईला गरम जेवू घालायचं हे तिचंच म्हणणं ज्याने ऐकलं, त्यालाच!

बाहेर गोडाची ताटली गेली. आई पाणी न्यायला आत आली, इकडेतिकडे बघितलं, सकाळच्या भाकरीचा तुकडा घेतला आणि उभ्या उभ्याच त्याने माझ्या बुडाचा सॉस पुसून खायला लागली. डोळे मिटून! मागे निशा येऊन थांबली होती.

"आई, उभ्यानेच?"

"चांगला झायलाय गो. आनी टोप गरम हाय आजून."

निशाने माझ्याखाली गॅस बारीक पेटवला आणि स्टूल पुढे ओढलं. आई बसली? छे! पाण्याचा तांब्या घेऊन पळाली बाहेर, "वन्सं, आलो आलो!"

मित्रांनो, वाढणाऱ्याचं ताट आधी बाजूला काढून ठेवत जा रे! दर वेळी कुणी टोप मदतीला येईलच असं नाही. मी पुन्हा कांद्यांच्या शेजारी आहे आणि भंगारवाला सोमवारी येतो. पण खरं सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर तो सॉस सोडला असता?