काड्यांखालचं बाळ

गुरांनी मला कधी तोंड लावलं नाही, तरी मी गव्हाणच. मित्रांनो, बेळगावच्या कॅम्पातल्या एका घरात मी गेली चाळीस वर्षं राहते. खासबागेतल्या परशराम सुतारानं निपाणीहून आलेल्या तंबाखूच्या मोडक्या खोक्याच्या फळ्या ठोकून मला बनवलं. हातभर लांबी, चार तिरके पाय, आणि पहिली तीन वर्षं असा वास, की जवळ येईल तो शिंकायचा. माझ्यात बाळ येशू निजणार होता, म्हणून मला फार लाज वाटे. पण मला करवून घेणारे आजोबा हसून म्हणाले, की जो गोठ्यात जन्मला त्याला वासाचं काय. त्या दिवसापासून मी ताठ उभी राहते.

वर्षातले अकरा महिने माझा मुक्काम माळ्यावर असतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, आला की मला खाली काढतात. आता आजोबा नाहीत. त्यांची सून नीलम सुरूच्या हिरव्या पानांचं कडं करते, त्यात चार मेणबत्त्या उभ्या करते आणि दर रविवारी एकेक जास्त पेटवते. एका डब्यात ती चिठ्ठ्या घालते. मुलांनी रोज एक उचलायची. शेजारच्या आजींना कार्ड करून दे, पाखरांना पाणी ठेव, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घाल, असं काहीबाही त्यात असतं. काम झालं की संध्याकाळी ते सर्वांसमोर सांगायचं आणि माझ्यात भाताच्या पिंजराची, म्हणजे वाळल्या पेंढ्याची, एक काडी टाकायची. नाताळापर्यंत बाळासाठी मऊ गादी व्हायला हवी. हे पिंजर मंगल आणायची. ती मच्छे गावाहून येऊन कॅम्पात तीन घरची धुणीभांडी करायची, आणि भात झोडून झालं की आपल्या शेतातली एक पेंढी न मागता आणून द्यायची.

गेल्या वर्षी मात्र ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले.

नीलमला दोन मुलं, सात वर्षांची रूथ आणि तीन वर्षांचा योना. बाळ येशूची वीतभर मातीची मूर्ती आजोबांनी आणलेली, ती चोवीस तारखेपर्यंत मऊ कापडात गुंडाळून कपाटात असते. योनाला एवढा धीर कुठला? "बाळ कुठाय?" म्हणून त्यानं बहिणीचा पिच्छाच पुरवला. पहिल्याच आठवड्यात, एका दुपारी, नीलम गच्चीवर असताना रूथनं कपाट उघडलं. फक्त दाखवून ठेवणार होती बिचारी. मूर्ती हातून निसटली आणि बाळाचा उजवा हात खांद्यापासून तुटला. योना तोवर मांजरामागं पळाला होता, त्यानं पाहिलंच नाही. रूथनं दोन्ही तुकडे उचलले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यातल्या आठदहा काड्यांखाली सारून वर पेंढीतलं मूठभर पिंजर पसरलं. कापड तसंच गुंडाळून कपाटात ठेवलं.

शनिवारी मंगलनं ते कपाट आवरलं. रविवारी दुसरी मेणबत्ती लावताना नीलमनं कापड उलगडलं, तर आत काही नाही. दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागला नाही. सोमवारी मंगल आल्याआल्या ती म्हणाली, "कपाट तूच आवरलीस न्हवं? मोडलं असलं तर सांगून टाक, मी काय बोलणार न्हाय."

मंगल म्हणाली, "मी बगितलंच न्हाय, वैनी." मग ती भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि चोराचा माल माझ्या पोटात. मी ओरडले असते, पण फळ्यांना तोंड कुठं असतं?

नीलम वाईट बाई नव्हे. मन हलकं करायला ती शेजारच्या घरी बोलली, एवढंच. पहिल्या घरी मूर्ती 'मोडली' होती, दुसऱ्या घरी पोचेपर्यंत ती 'चोरली' गेली होती. दोन्ही घरी मंगलच कामाला होती. आठवड्याभरात दोघांनीही तिला नको म्हणून सांगितलं. त्याच दिवसापासून ती आमच्याकडंही यायची बंद झाली. हे सगळं मुलांचे बाबा रात्रीच्या जेवणात सांगत होते आणि रूथचा घास हातातच राहिला होता.

मग रूथनं चांगुलपणाचा सपाटा लावला. एका चिठ्ठीच्या जागी पाच कामं. स्वतःची पेन्सिल वर्गातल्या मुलीला दिली, योनाला भरवलं, चपला ओळीत लावल्या. रोज पाच काड्या माझ्यात पडत आणि आई तिला जवळ घेऊन शाबासकी देई. शाबासकी मिळाली की पोरीचा चेहरा आणखी उतरे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. तिला वाटत असावं, की काड्या पुरेशा झाल्या की खालचं आपोआप नाहीसं होईल. मला मात्र आतून ते रोज टोचत होतं.

योना तर काडी टाकत नसे, मुठीनं खोल खुपसत असे. त्याचं बोट बाळाच्या कपाळाला लागतालागता राही. तिसऱ्या रविवारी नीलमनं काड्या सारख्या करायला मला उचलून हलवलं आणि आत खडखडलं. "काय गं वाजलं?" असं तिनं विचारताच रूथनं झडप घालून मला ओढून घेतलं. पाय सैल झालाय, म्हणाली. माझा पाय, मित्रांनो, चाळीस वर्षांत कधी सैल झालेला नाही.

नाताळाला चार दिवस राहिले. नीलमनं करंज्या केल्या आणि वाटायच्या ताटल्या मांडल्या. दरवर्षी सात असतात. रूथनं मोजल्या, सहा भरल्या. मंगलआक्काची कुठली, असं तिनं विचारलं. "ह्या वर्षी राहू दे," नीलम म्हणाली आणि ताटल्यांवर कागद झाकू लागली.

रूथ माझ्यापाशी येऊन बसली. मूठमूठ पिंजर काढून तिनं जमिनीवर टाकायला सुरुवात केली. नीलम रागावली, गादी का मोडतेस म्हणाली, पण पोर थांबेना. तळाशी बाळ दिसलं आणि शेजारी त्याचा हात.

"मी मोडला. मंगलआक्कानं न्हाय."

मला वाटलं, आता थप्पड बसणार. नीलमनं खाली बसून तुटका हात बाळाच्या खांद्याशी लावून बघितला. मग तिनं स्कूटरची किल्ली घेतली. रूथ मला सोडायला तयार नव्हती, म्हणून मीही निघाले.

मच्छेत मंगल अंगणात तांदूळ पाखडत होती. रूथनं रडतरडत सगळं सांगितलं, नीलमनं हात जोडले. मंगलनं आधी रूथचे डोळे पदरानं पुसले. मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "पोरीवर माझा राग न्हाय. ल्हान हाय, भ्याली. पर तुमी मला इचारलासा न्हाय वैनी, ठरवूनच आलतासा."

मंगलनं नीलमचे जोडलेले हात धरून खाली केले.

"आन् माफी हितं अंगणात नगं. जितं बोललासा, तितं जाऊन सांगा."

मग नीलम मला काखेत मारून, मुलीचा हात धरून, दोन्ही दारांत गेली. चूक माझी, मंगलची नाही, असं तिनं मान वर करून सांगितलं. पहिल्या घरच्या बाईनं, कामवालीचं एवढं काय, म्हणून हसून टाळलं. नीलम जागची हलली नाही. मंगलला कामावर परत बोलावते, असं त्या बाईकडून वदवून घेऊनच ती निघाली. दुसऱ्या घरी नवी बाई लागली होती. ते काम गेलं ते गेलंच. जानेवारीत मंगल आमच्याकडं परत आली, पण त्या दुसऱ्या घराच्या दारावरून जाताना ती अजून पदर डोक्यावर ओढून घेते.

म्हणून सांगते मित्रांनो, मला माळ्यावरून काढलंत तर पुसा, उन्हात ठेवा आणि काड्याही आनंदानं टाका. पण पहिली काडी टाकण्याआधी तळापर्यंत हात घालून बघा. तिथं तुम्ही लपवलेलं काही सापडलं, तर ते त्याच दिवशी बाहेर काढा. तुम्ही वर गादी रचत बसता, तेवढ्यात खाली कुणाचं तरी घर बसत असतं.